मामांची निजवलेली स्कूटर

जगातली सगळी माणसं वाहन घेतात ते फिरण्यासाठी. आमच्या मामांनी घेतलं ते अंगाई गाऊन निजवण्यासाठी, असं मी कोणापुढेही छातीठोकपणे सांगेन. मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. मुरूम गावातलं आडतीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यावर माणूस देवळात बसतो, नातवंडं खेळवतो. मामा कोकणात एका लग्नाला गेले आणि येताना ट्रकवर जुनी वॉटर स्कूटर घालून घेऊन आले. जळकोटला चहासाठी ट्रक थांबला तेव्हा भोवती ही गर्दी. हे पाण्यावर पळतं, असं मामांनी अभिमानाने सांगितलं. तेव्हा एका म्हाताऱ्याने फार आपुलकीने विचारलं, की ते खरं, पण पाणी कुठं आहे?

पाणी होतं, म्हणजे अधूनमधून असायचं. आमच्या गावापलीकडे, मामांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, एक तलाव आहे. पाऊस मनावर घेईल तेव्हा तो भरतो, एरवी भेगा दाखवत पडून असतो. आत्याचं माहेर, म्हणजे आमचं जुनं घर, त्या तलावाच्या पोटात आहे. तिच्या लग्नानंतर तलाव झाला, गाव वरच्या माळावर गेलं आणि तिचं अंगण पाण्याखाली. तलाव आटला की आत्या चालत जाते आणि आपल्या घराच्या उंबऱ्याच्या दगडावर बसून येते. भरला की माहेर बंद. सारा गाव भरलेल्या तलावाला नारळ वाहत असताना ही बाई काठावर तोंड बारीक करून उभी राहायची, ते मामांना बघवत नसे. भरल्या पाण्यातही तिला माहेरी पोचवायचं, एवढ्यासाठी ती स्कूटर आली होती.

स्कूटर आली आणि तलावाने पाठ फिरवली. मग तलाव भरेपर्यंत इंजिनाला गंज चढू द्यायचा नाही, हेच मामांचं आयुष्य झालं. समुद्रात पळलेलं यंत्र, त्याच्या पोटात मीठ राहिलं असणार, या विचाराने त्यांचा डोळा लागेना. गावात टँकरचं पाणी, पाहुण्याला अर्धा पेला मिळायचा. मामा मात्र स्वतःच्या अंघोळीचं पाणी वाचवून इंजिन धुवायचे. माझी नेमणूक टाकीच्या नळापाशी. आधी इंजिन, मग पाणी; बंद करताना आधी पाणी, मग इंजिन, हे ते माझ्याकडून पाढ्यासारखं म्हणून घेत, आणि मी तेव्हा चांगला बँकेत नोकरीला होतो. बाहेर पडणारं पाणी ते बोटावर घेऊन चाखत, डोळे मिटून विचार करत आणि अजून खारट लागतंय म्हणून पुन्हा नळ सोडायला लावत. आमटीत मीठ विसरलं तरी या माणसाला कळत नाही, असं आत्या ओसरीवरून ऐकवायची.

मग बॅटरी काढून देवघराशेजारच्या फळीवर ठेवायची. उंदीर शिरू नयेत म्हणून नळकांड्यात जुन्या धोतराचे बोळे. प्लास्टिक घातलं की आतून घाम सुटतो, म्हणून वरून आत्याने शिवलेली वाकळ. शेवटी स्कूटरच्या पाठीवर थोपटत मामा हलकेच म्हणायचे, "मल्को." त्यांची आई कानडी बोलायची, त्यामुळे झोप म्हणायला त्यांना तोच शब्द गोड वाटे. त्या वेळी वाऱ्याने वाकळीचं टोक वरखाली व्हायचं आणि मलाही क्षणभर वाटायचं, की आत काहीतरी श्वास घेतंय.

घोळ झाला तो तेलाचा. प्लग काढून इंजिनात थोडं तेल सोडायचं असतं, हे मामांना ठाऊक होतं. पण बाजारच्या तेलावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी घाण्यावरचं शुद्ध करडीचं तेल सोडलं. आपल्या पोटाला जे चालतं ते तिच्या पोटाला का चालू नये, असा त्यांचा बिनतोड सवाल.

शेवटी एका वर्षी तलाव भरला. आत्या हिरवं इरकल नेसली, वर बुडू नये म्हणून नारिंगी जाकीट घातलं, आणि माहेरी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून शेंगापोळ्यांचा डबा घेतला. मामांनी बटण दाबलं. इंजिन एकदा कण्हलं आणि गप्प झालं. मामांचा चेहरा मला अजून आठवतो. प्लग काढला तर तो पिवळा, चिकट. आत्याने वास घेतला आणि ती म्हणाली, माझ्या तेलाच्या बरणीचं झाकण असंच चिकटून बसतं. करडीचं तेल वाळून आत डिंक झालं होतं.

"गंजानं न्हाय," मामा म्हणाले, "म्याच बांधून ठिवलं तिला."

मला त्यांची फार दया आली. पिकांना पाणी सुटलं होतं, तलाव रोज काठ सोडत होता. मामा डिझेल सोडून इंजिन भिजवत, हाताने जरा जरा फिरवत, आणि पाण्याकडे बघत. आत्या चिंध्या पुरवायची. डिंक सुटला, इंजिन धुऊन निघालं, आणि एका सकाळी ते खाकरून बोलायला लागलं.

दोघं निघाली. ऐन मधोमध गेल्यावर आवाज थांबला. मी काठावरून हाका मारत सुटलो. पाणी स्तब्ध होतं, त्यावर ढग उतरले होते, आणि त्या ढगांत दोघं बसलेली. आत्या वाकून पाण्यात हात घालून होती. बऱ्याच वेळाने इंजिन पहिल्या बटणाला सुरू झालं. परत आल्यावर मी विचारलं, मधेच बंद पडलं काय?

"बंद म्या केलं," मामा म्हणाले. "माहेरी गेल्यावर बाईला दोन शब्द बोलू द्यावं का न्हाय?"

डबा रिकामा होता.

यंदा तलाव पुन्हा उतरलाय, उंबऱ्याचा दगड उघडा पडलाय. परवा गेलो तर आत्या काठी घेऊन तिकडेच गेलेली, आणि मामा इंजिनात तेल सोडत होते, आता दुकानातलं. आत्याला चालत जाता येतंय, मग एवढी घाई कशाला, असं मी चेष्टेने म्हणालो.

"आज जाता येतंय," ते मान वर न करता म्हणाले. "गुडघं थकल्यावर?"

त्यांनी वाकळ पांघरली, थोपटलं, मल्को म्हणाले. लांब तळातून आत्या परत येत होती, दर थोड्या अंतरावर थांबत. ती काठावर चढेपर्यंत मामा तेलकट हात तसेच धरून उभे होते.