तोंड बांधून आलेली आई

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी सांगायची थांबेन. कारण परवा भर दुपारी, अख्ख्या शाळेसमोर, मला पोरं पळवणारी बाई म्हणून धरलं. आणि धरून देणारा कोण? माझ्याच पोटचा गोळा!

मुळापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई आधीपासूनच येडी असणार. येडी नाही हो, घाबरट आहे. दोन्हीत फरक असतो. थोडा.

सगळं सुरू झालं एका सिनेमापासून. उडणाऱ्या माणसाचा सिनेमा. तोंडाला मुखवटा, पाठीवर पदरासारखं काहीतरी फडफडतंय, दिसायला गोरा आणि बोलतो हिंदीत. मी तो लहानपणी पाहिला होता, पैठणकडच्या आमच्या गावात, गणपतीत. चौकात पांढरा पडदा बांधायचे. मोठी माणसं पुढं बसायची आणि आम्ही पोरंपोरी पडद्याच्या मागच्या बाजूला. तिकडून सगळं उलटं दिसायचं, उजवा माणूस डावरा व्हायचा. पण पाय पसरून बसता यायचं!

त्यातला एक प्रसंग मला इतकी वर्षं पाठ होता. शहरात गोंधळ माजलेला, गाड्या उलट्यापालट्या, आणि गर्दीत एक छोटी पोरगी रडत उभी. तो मुखवटेवाला वरून झेपावतो, तिला अलगद उचलतो आणि एका उंच मनोऱ्यावर नेऊन ठेवतो. "डरना मत," म्हणतो आणि जातो उडून. काय टाळ्या वाजवल्या होत्या आम्ही! मी तर पुढं महिनाभर आमच्या माळवदावर जाऊन हात वर करून उभी राहायचे. कुणी उचललं तर उचललं.

गेल्या रविवारी तोच सिनेमा टीव्हीवर लागला. आदू, म्हणजे माझा मुलगा, पहिलीत आहे, तो मांडीवर. मी म्हटलं, "बघ हां, आता लई भारी येतंय!"

आणि आलं. मुखवटेवाला आला, पोरीला उचललं, आणि मी मांडीवरच्या आदूला घट्ट धरलं.

अहो, कोण हा माणूस? नाव नाही, गाव नाही, तोंड झाकलेलं. परक्याचं लेकरू उचललं, आणि ती पोरगी हसत हसत गेली! बरं, ठेवलं कुठं? कठडा नसलेल्या मनोऱ्यावर! आमच्या पुंडलिकनगरातल्या गच्चीला छातीएवढा कठडा आहे, तरी मी आदूला एकटं वर जाऊ देत नाही. आणि तिची आई? ती खाली त्याच गर्दीत गळा फाडून हाका मारत असेल ना? पूर्ण सिनेमात तिला एकदासुद्धा दाखवलं नाही. लहानपणी मला कधी सुचलंच नव्हतं, की त्या पोरीला आई असेल. तेव्हा मी त्या पोरीच्या जागी बसून बघत होते. आता न दाखवलेल्या बाईच्या जागी बसले होते.

"आई, तो तिला घरी कधी सोडतो?" आदूनं विचारलं.

काय सांगणार? सोडलेलं दाखवलंच नव्हतं. पुढं नुसती मारामारी. हा त्या दुष्टाला घरांवर आपटतोय, घरं पडतायत, आणि माझ्या डोक्यात एकच, त्या घरात कुणाचा कुकर चढलेला असेल, कुणाचं बाळ झोळीत असेल. टाळ्या कसल्या वाजवल्या आम्ही?

त्याहून वाईट पुढं होतं. तो दुष्ट त्या उडणाऱ्याच्या आईचा चेहरा लावून दारात येतो. "बेटा, आ जा," म्हणतो, आणि एवढा मोठा बाप्या आई समजून जातो की त्याच्यामागं! गावात आम्ही ह्याला खदाखदा हसलो होतो. आदू हसला नाही. त्यानं टीव्हीवरची नजर काढली आणि माझ्या तोंडाकडं बघत बसला. बराच वेळ.

संध्याकाळी हे रविवारची जादा पाळी करून कंपनीतून आल्यावर मी सगळं सांगितलं.

"सिनेमा हाये गं तो," हे म्हणाले.

"तुम्हाला काय! तुम्ही जाता कंपनीत. लेकरू माझं हाये."

"माझं नाय व्हय?" म्हणाले आणि चहा मागितला. म्हणजे झालं, जबाबदारी माझ्यावर आली.

मी आदूला समोर बसवलं आणि शिकवणी सुरू केली.

"कुणी तोंड बांधलेलं आलं, चल म्हणलं, तर जायचं?"

"नाय."

"चॉकलेट दिलं तर?"

"नाय." पण हे नाय जरा हळू आलं, म्हणून एक धपाटा दिला. लक्षात राहावं म्हणून हो!

"माझं नाव सांगितलं तर? माझ्यासारखं बोललं तर? माझ्यासारखं दिसलं तरी नाय! काय करायचं?"

"ओरडायचं."

"ओरड मग!"

"वाचवाऽऽऽ!"

असा ओरडला की आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हातात घंटी घेऊन देवघरातून धावत आल्या. मी मात्र खूश. म्हटलं, आता कुणाची माय व्याली आहे माझ्या लेकराला न्यायला!

पण घाबरट माणसाचं एका कुलपावर भागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दगडूकाका रिक्षा घेऊन आले. आदूला बालवाडीपासून तेच नेतात. तोंडाला कायम दस्ती बांधलेली, धुळीसाठी, आणि डोळ्यावर काळा चष्मा. त्या सकाळी मला पहिल्यांदा दिसलं, की इतक्या दिवसांत मी ह्या माणसाचं तोंडच पाहिलेलं नाही! रोज माझं लेकरू एका मुखवट्याच्या हवाली करत होते मी!

दोन दिवस झोप नाही. तिसऱ्या सकाळी म्हटलं, "काका, उद्यापासून येऊ नका. मीच आणत जाईन आदूला."

"काय चुकलं का ताई आमचं?"

"नाय नाय. असंच."

"बरं," म्हणाले आणि गेले. माणूस वाईट बोलून गेला असता तर बरं वाटलं असतं.

सकाळी हे कंपनीत जाता जाता सोडणार होते, पण दुपारी आणायचं कशावर? वरच्या मजल्यावरच्या शबानाभाभीची स्कूटी. तिनंच मला चालवायला शिकवली होती, मैदानात, दोन म्हशींना वळसे घालत.

"हौ, ले जा," ती म्हणाली. "पर ब्रेक हल्लू मार. और मुंह बांध अच्छा, लू लग जाती नै तो."

औरंगाबाद म्हणा नाहीतर संभाजीनगर म्हणा, एप्रिलच्या दुपारचं ऊन तेच. आपल्याकडं बाई दुपारी गाडीवर निघाली की तिचं काय काय दिसतं? काही नाही दिसत! गुलमंडीतून आणलेला स्कार्फ शबानाभाभीनं असा आवळून बांधला, वरून टाचण्या मारल्या, की फक्त डोळे उरले. डोळ्यांवर गॉगल. अंगात तिचा पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंत मोजे. रस्त्यावर माझ्यासारख्या पन्नास बायका होत्या. कुणी कुणाकडं बघतसुद्धा नव्हतं, मग मला तरी कसं कळावं?

एक गोष्ट राहिली सांगायची. त्या शाळेत मला कुणी ओळखत नव्हतं. दाखला करायला हे गेले, पालकसभेला हेच जातात. माझी शाळा सातवीला सुटली. मॅडमनं चारचौघांत इंग्रजीत काही विचारलं तर, ह्या भीतीनं मी कधी गेलेच नाही.

शाळा सुटली. पोरं बाहेर आली. आदू दिसला, पाण्याची बाटली जमिनीवरून ओढत. मी गाडीवरूनच हाक मारली, "आदू! चल, बैस लवकर!"

त्यानं माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत. आणि छाती भरून श्वास घेतला.

"वाचवाऽऽऽऽ!"

अहो, घरी ओरडला होता ते काहीच नव्हतं!

"अरे मी हाये! आई हाये तुझी!"

"ही आई नाय! ही आईसारखं बोलतीय!"

फाटकावरच्या वॉचमनमामांनी पहिली झडप घातली ती गाडीच्या चावीवर. समोरचा रसवंतीवाला हातात ऊस घेऊन आला. आया गोळा झाल्या. मोबाईल वर झाले. आदूच्या मॅडम पळत आल्या, वयानं माझ्याएवढ्याच, आणि त्यांनी आदूला आपल्या मागं घेतलं.

"स्कार्फ काढा," मॅडम म्हणाल्या. मराठीत! इतकी वर्षं मी उगाच घाबरत होते.

काढायला गेले तर टाचण्या. एक बोटात घुसली. गाठ सुटेना. मामा म्हणतात, "बघा, तोंड दाखवेना!" शेवटी ओढून काढला एकदाचा. केस चारी दिशांना, कुंकू कपाळभर पसरलेलं, घामानं काजळ गालावर. बालवाडीची दोन पोरं तिथंच रडायला लागली.

"बघ रे, आता तरी ओळख!"

आदू मॅडमच्या मागून म्हणाला, "चेहरा लावलाय तिनं."

"फोन दाखवा, फोटो असेल मुलाचा," मॅडम म्हणाल्या. फोन घरी चार्जिंगला. मॅडमच्या फोनवरून ह्यांना लावला, तर कंपनीत फोन गेटवरच जमा करतात, वाजत राहिला.

"गाडी कुणाची?" मामा.

"शेजारणीची."

"आन् कोट?"

"तोबी."

"काहीच तुमचं नाय व्हय?" रसवंतीवाला म्हणाला.

"लेकरू माझं हाये!"

"मग जन्मतारीख सांगा त्याची," मॅडम म्हणाल्या.

आता ऐका. जन्माचं सगळं सांगता येतं मला. नागपंचमीचा आदला दिवस होता, दवाखान्याच्या खिडकीत माकड बसलं होतं, आत्याबाईंनी पहिल्यांदा माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता. पण तारीख? तेवढ्या माणसांत तारीख डोक्यातून उडाली ती उडालीच.

"नागपंचमीच्या आदल्या दिवशी," मी म्हटलं. कुणीतरी फिसकन हसलं.

मॅडम आदूकडं वळल्या, गालाला हात लावला. "किती हुशार आहेस रे! असं ओरडायचं कुणी शिकवलं तुला?"

"माझ्या आईनं."

"शाब्बास त्या आईची! तिला बोलवायला पाहिजे एकदा शाळेत."

मी तिथंच उभी होते! मला शाबासकी मिळत होती आणि मामांनी माझं मनगट धरलं होतं. रडावं की नमस्कार करावा?

पोलिसांना फोन करायचं कुणीतरी बोललं, तेवढ्यात गर्दीमागून भोंगा वाजला. दगडूकाका बाकीच्या पोरांना न्यायला आले होते. ते उतरले, गर्दीतून पुढं आले आणि माझ्यासमोर येऊन त्यांनी चष्मा काढला, दस्ती खाली ओढली. पुढचे दोन दात नाहीत आणि हनुवटीवर पांढरी खुंटं. आमच्या आजोळच्या कुणाहीसारखं तोंड.

"ह्याच की आदूच्या आई," म्हणाले. "सोडा त्यांना. बालवाडीपासून ह्यांच्याच दारातून उचलतो मी लेकराला."

मामांनी लगेच हात सोडला. दगडूकाकांचा शब्द म्हणजे शब्द, त्यांना सगळी शाळा ओळखत होती. ओळखत नव्हते ती मी.

"मग आज तुम्ही का नाही आणलं?" मॅडमनी विचारलं.

सगळ्यांचे कान माझ्याकडं. काकांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "आमचीच गाडी नादुरुस्त व्हती जी."

मागं त्यांची रिक्षा धडधड चालू उभी होती. मला जमिनीवरून नजर उचलता आली नाही.

घरी येताना मी स्कार्फ बांधला नाही. आदू मागं बसला होता, दोन्ही हातांनी माझी कंबर घट्ट धरून. घरी आल्यावर त्याला माठातलं पाणी दिलं, मी प्याले, आणि मग धीर करून विचारलं. कारण एवढा वेळ जिवाला तेच लागलं होतं. पोलीस नाही, गर्दी नाही. माझं पोरगं मला ओळखत नाही, हे.

"आदू, खरंच ओळखलं नाहीस मला?"

"ओळखलं की."

"कधी?"

"तू हाक मारली तवाच. तुझ्या चपला बी दिसल्या."

"अरे मग! मग ओरडलास कशापायी?"

"तूच म्हणली व्हती, माझ्यासारखी असली तरी यायचं नाय. आलो असतो तर मारलं असतं तू."

मला हसू आलं. खरंच आलं. म्हटलं, "आणि आला नाहीस, एवढा तमाशा केलास, म्हणून मारलं तर?"

त्यानं विचार केला. गणित सोडवल्यासारखा, मनापासून. मग म्हणाला, "तू तर दोन्ही खेपेला मारती."

कसली लेकराची जात! कुठून आणतात असलं? मला एकदम त्याचा इतका पुळका आला, की डोक्यावरून हात फिरवावा म्हणून मी हात उचलला.

पोरगं खाली वाकलं.

"आता कशापायी?" म्हणाला.