त्या रात्री सगळेच तारे सरकले होते

विभागातल्या सेमिनारला माझ्या गाईड सरांनी माझा आलेख पडद्यावर लावला. त्यातले शेजारचे तारे गायब होते. एकच तारा उरला होता आणि खाली लिहिलं होतं, जोडीदार सापडला.

माझं वर्षभराचं काम म्हणजे हा शोध. तारकागुच्छांतले काही म्हातारे तारे फार तापलेले असतात, कारण त्यांच्यावरचा हायड्रोजनचा थर जवळजवळ निघून गेलेला असतो. तो कोणी ओढून नेला? कदाचित जवळच फिरणाऱ्या दुसऱ्या ताऱ्याने, जोडीदाराने. तो दिसत नाही, पण त्याच्या ओढीने आपला तारा पुढेमागे होतो आणि आपल्या ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात. माझ्या ताऱ्यांच्या रेषा जागच्या हलत नव्हत्या. फक्त एका रात्रीच्या निरीक्षणांत एक तारा सरकलेला दिसला. मी त्याच रात्रीचे शेजारचे साधे, थंड तारे तपासले. तेही तेवढेच सरकलेले, त्याच बाजूला. म्हणजे सरकलं होतं ते यंत्र.

हे मी सरांना आधीच सांगितलं होतं, त्यांच्या खोलीत, कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून.

"बेटा, काही सापडलं नाही, याचा पेपर कोण छापणार?"

"पण सर, शेजारचे तारे..."

"ते दाखवायलाच हवेत असं नाही. फार साधी आहेस तू. पहिलं नाव तुझंच टाकतो, चलो."

प्रसाद हातावर ठेवावा तसं म्हणाले. खोटं त्यांचं आणि त्याच्यावर नाव माझं. मी स्कूटर काढून घरी आले. आई म्हणाली, "काहून तोंड पाडून बसून राहिली? पेपर येऊन राहिला ना तुझा?" तिने ते आमच्या राइट टाउन मोहल्लाभर सांगून ठेवलं होतं. मी जेवले नाही.

आणि आता हा पडदा.

"कोई सवाल?" सरांनी विचारलं. मी शाळेतल्यासारखा हात वर केला. ते हसले. "हाँ बेटा, बताइए, आप ही का काम है."

"सर, उस रात सारे तारे खिसके थे. आपने बाकी हटा दिए."

मागून कोणीतरी म्हणालं, "तो जोड़ीदार किसका मिला, मशीन का?" लोक हसले. मला हसू आलं नाही.

बाहेर व्हरांड्यात सर मराठीत बोलले, अगदी हळू. "चार लोकांसमोर? मला आधी सांगता आलं नसतं?"

"सांगितलं होतं."

"मग पहिलं नाव विसर आता."

"नावच काढा माझं, सर. माझ्या ताऱ्यांना जोडीदार नाही. ते मी लिहीन, सगळे तारे दाखवून."

ते आत गेले. इतकं होऊनही मी त्यांना 'सर' म्हणाले, याचा राग मला अजून येतो.