अर्ध्या जंगलाची राखण

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिफ्ट संपवून श्रीपेरुंबुदूरहून कंपनीच्या बसने घरी निघालो होतो. भाऊजींना एवढंच बोलता आलं, "सुधा गेली रे... झोपेतच." महिना उलटला, पण अजून मला कुठे स्वस्थ बसवत नाही.

हे लक्षण खरं तर तिचं. भाऊजींच्या नोकरीमुळे ती लग्नानंतर इकडे तमिळ मुलखात, अंबत्तूरला आली, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर एकच ध्यास घेतला... ओरगडमच्या आसपास खाजगी मालकीची जी थोडी जंगलं उरली होती, ती मालकांनीच राखावीत. तिकडे कारखाने येत होते, जमिनीचे दलाल दारोदार फिरत होते. ताईही फिरायची, मोडक्यातोडक्या तमिळमध्ये, हातवारे करत.

गोविंदराव अशा मालकांपैकी एक. मूळचं तंजावरचं मराठी घराणं, तळ्यालगत वडिलोपार्जित जंगल. एकदा मीही ताईसोबत गेलो होतो. जंगल राखून मला काय मिळणार, असं त्यांनी सरळ विचारलं. ताई म्हणाली, "माझ्याकडे द्यायला काही नाही. पण एकदा तोडलंत, तर पुन्हा उभं राहिलेलं बघायला तुम्हीही नसाल नि मीही." मग त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि दलालाला थांबायचा निरोप धाडला.

वर्षभर ते थांबले. पुढे मुलांनी धोशा लावला आणि रस्त्याकडचा भाग विकला गेला. त्या दिवशी ताई जेवली नाही. अर्धं तरी वाचलं, असं मी समजावू लागलो, तर येरझाऱ्या घालता घालता म्हणाली, "अर्ध्या जंगलात जनावर राहत नाही रे, अडकतं." तरी पुढच्या रविवारी उरलेल्यासाठी निघालीच. गोविंदरावांनी तोंड चुकवलं, तेव्हा ती तळ्याकाठी बसून राहिली. शेवटी तेच बाहेर आले आणि दोघं जंगलातून फिरून आली. नंतर नंतर तर ते रविवारी तिची वाट बघायला लागले.

तेराव्याला गोविंदराव आले होते. मुलं आता मागचं जंगलही विकू म्हणतात, मी अजून सही केलेली नाही, एवढं सांगून उठले आणि दारात थबकले.

"रविवारी आता कोण येणार?"

भाऊजींच्या गॅलरीत ताईचे कॅनव्हासचे बूट अजून तसेच आहेत. परवा साफ करायला घेतले, तर तळाला काटे रुतलेले. नखाने काढू लागलो. एक निघाला, बाकीचे निघेनात... बूट होते तिथे ठेवून दिले. गोविंदरावांना मी अजून उत्तर दिलेलं नाही. उद्या रविवार आहे.