हा आवाज ओळखीचा नाही

"जानकीबाई, गोळी घ्यायची वेळ झाली," स्वयंपाकघरातला डबा म्हणाला. दुपारचे चार वाजले होते. जानकीबाईंना जाऊन सहा महिने झाले होते.

डबा म्हणजे स्मार्ट स्पीकर. बोललेलं ऐकतो, सांगितलेलं करतो. मी भिवंडीत कॉम्प्युटर दुरुस्त करण्यात आयुष्य काढलं, त्यामुळे असल्या भानगडींना लोक मलाच बोलावतात. या वेळी बोलावलं होतं कोन गावच्या गुरुनाथशेठनी, जानकीबाईंच्या मुलाने. शेतावर गोडाऊन बांधून ती भाड्याने देणारा माणूस. या सॉफ्टवेअर कंपन्यांचा विषय निघाला की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होतो.

"प्लग काढला तं टीव्हीवरनं बोलतंय," ते म्हणाले. "आमचे घरातला समदा ऐकतान. काढून टाका यो."

टीव्ही आणि डबा दोन्ही जानकीबाईंच्या एकाच अकाउंटवर होते. अकाउंट म्हणजे कंपनीच्या गोडाऊनमधला आपला गाळा, असं मी सांगितल्यावर शेठना चटकन कळलं. माल आपला, शटर त्यांचं. पासवर्ड जानकीबाईंखेरीज कुणाला माहीत नव्हता आणि नवा पासवर्ड ज्यावर मागवता आला असता, तो त्यांचा मोबाइल नंबर शेठनीच बंद करून टाकला होता. उरला एकच उपाय, रीसेट. दोन्ही वस्तू कोऱ्या करायच्या. मग आवाज बंद, पण त्या गाळ्यात पुन्हा कुणालाच शिरता येणार नाही. आत काही हवंय का, मी विचारलं. न्हाय म्हणाले.

मी डबा उलटा करून बटणावर बोट ठेवलं आणि त्यांची मुलगी रूपाली दारात आली.

"काका, थांबा. आजीचे धवले त्यातच आहेत."

जानकीबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावणारी बाई. ही गाणी तोंडीच चालत आलेली, घरात एक ओळ लिहिलेली नव्हती. शेवटच्या वर्षी एकट्या बसून त्यांनी ती गाऊन डब्यात साठवली होती. म्हातारी डब्याशी गप्पा मारते म्हणून शेठ तेव्हा हसायचे. रूपालीचं लग्न चार दिवसांवर होतं आणि आजीच्या धवल्यांशिवाय मी बोहल्यावर उभीच राहणार नाही, असं ती हटून बसली.

शेठनी डब्याला धवले लावायला फर्मावलं. "हा आवाज माझ्या ओळखीचा नाही," डबा शांतपणे म्हणाला. खासगी गोष्टी तो मालकाचा आवाज ओळखूनच देतो. ही म्हणे आपल्याच सुरक्षेसाठी केलेली सोय.

"माजे घरान मीच परका?" शेठ माझ्याकडे बघून म्हणाले.

रूपालीने विचारून पाहिलं, तेच उत्तर. मग तिने डोळे मिटले आणि आजी बोलायची तशी, थोडं नाकात, शब्द लांबवून, पुन्हा तेच मागितलं.

"हो, जानकीबाई," डबा म्हणाला.

रूपालीची आई देव्हाऱ्याकडे बघून पुटपुटायला लागली. आणि स्वयंपाकघरात जानकीबाई गाऊ लागल्या. मधे त्या खोकल्या, श्वास घेतला, भांडं वाजलं. लांबून कुणीतरी हाक मारली, "आये, च्या झाला."

तो शेठचाच आवाज होता.

"आले रं गुरू," जानकीबाई म्हणाल्या.

शेठ उठून उभे राहिले. माजघराच्या दाराशी जाऊन आत बघून आले. मग डब्याजवळ वाकून म्हणाले, "परत लाव."

"हा आवाज माझ्या ओळखीचा नाही."

शेवटी रूपालीनेच लावून दिलं. मी सगळे धवले माझ्या रेकॉर्डरवर उतरवून घेतले, दोन पेन ड्राइव्ह केले, एक तिला दिला, एक शेठना. लग्न त्यावरच लागलं.

आठवड्याने राहिलेलं रीसेट करायला गेलो. शेठनी चहा पाजला, मांडवाच्या गप्पा मारल्या, कामाचं नाव काढलं नाही. मी टूलकिट उघडलं तेव्हा फक्त म्हणाले, "राहू दे."

तेव्हापासून मी रीसेटचं बटण घरातल्या प्रत्येकाला विचारल्याशिवाय दाबत नाही. शेठ त्या कंपनीला अजूनही चोर म्हणतात. फक्त त्यासाठी ते आता अंगणात जातात, दार ओढून घेतात आणि हळू बोलतात.