अंगणातली चुन्याची रेघ

मी बादली धरायची आणि बायकोनं सडा घालायचा, ही आमची रोजची रीत; ती गेली त्या दिवशी सकाळीही आम्ही हेच केलं. ओल्या शेणाचा वास आला की मला ते रस्तावाले आठवतात. सत्तर सालाच्या पुढेमागे नगर वाढायला लागलं, आणि शहराबाहेरून जाणारा रस्ता आखायला सरकारी माणसं आमच्या माळावर आली. चुन्याची पांढरी रेघ अंगणातून थेट दाराला येऊन भिडली. घर जाणार म्हणून मी हबकलो. बायकोनं पहाटे उठून रोजच्यासारखा सडा घातला, रेघ गायब! त्यांनी परत आखली, हिनं परत सडा घातला. साहेब वैतागला, "बाई, नकाशात इथं घरच नाही!" ही म्हणाली, "न्हाई? मग तुमच्या हातातला च्या काय नकाशात उकळला व्हय?" साहेबालाच हसू फुटलं. त्यानं आमचं घर नकाशात घातलं आणि रस्ता वळवून पडीक माळातून नेला. आता चहूकडून शहर आलंय. आमच्या दारासमोरच्या वळणाला गाडीवाले शिव्या देतात, त्या ऐकून ती लई खूश व्हायची. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लोक म्हणाले, सुतकात सडा घालायचा नसतो. मी बादली भरली आणि सडा घातला, पार त्या वळणापर्यंत.