टाच जिथे टेकली

गेल्या सप्टेंबरचे चार आठवडे मी नॉटिंगहॅममधल्या एका यूनिव्हर्सिटीच्या स्पोर्ट्स हॉलच्या बाल्कनीत बसून काढले. माझं शिक्षण तिथलं नाही, नोकरीही तिथली नाही. माझी मुलगी तिथल्या मुलींच्या बास्केटबॉल टीममध्ये एकेकाळी होती आणि आता पुन्हा शिरायची धडपड करत होती. माझी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये दुपारची शिफ्ट. सकाळी तिला गाडीने सोडल्यावर घरी येऊन भांडी बघत बसण्यापेक्षा मी वर जाऊन बसायचे.

खरं सांगते, मला या खेळाचा रागच होता. पहिल्या वर्षी नोव्हेंबरात एका मॅचमध्ये उडी मारून उतरताना तिचा डावा गुडघा गेला. आतलं लिगामेंट तुटलं. मग वेटिंग लिस्ट, मग ऑपरेशन, मग आमच्या बैठकीच्या खोलीत रबरी पट्टे बांधून महिनोन्‌महिने व्यायाम. यात दोन वर्षं गेली. आता तिसरं, म्हणजे डिग्रीचं शेवटचं वर्ष लागलं होतं. सीझन सुरू व्हायच्या आधी वीस-बावीस जणींतून बारा निवडणार आणि त्या बाराजणींना शर्ट मिळणार. मागे कोण कितीही चांगली खेळलेली असो, सगळ्यांनी नव्याने परीक्षा द्यायची. त्या बारांत ती नसली तर तिचं कॉलेजचं बास्केटबॉल जवळपास संपल्यातच जमा होतं.

पहिल्या दिवशी मी बॉलची वाट बघत बसले. दोन तास झाले तरी बॉल काही आला नाही. मुली नुसत्या पळत होत्या. या रेषेला हात लावायचा, मागे फिरायचं, पुढच्या रेषेला हात लावायचा, परत मागे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "बास्केटबॉलची टीम आहे आणि बॉल कुलपात ठेवलाय." तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "मग तू रोज बघायला कशाला जातेस?" मी दुसऱ्या दिवशी परत गेले.

कारण तोवर त्या पळण्याने मला आत काहीतरी व्हायला लागलं होतं. बर्मिंगहॅमहून आलेली एक मुलगी होती, कायदा शिकणारी, दारातून वाकून आत येईल इतकी उंच. चौथ्या दिवशी ती पळता पळता थांबली, कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात भडाभडा ओकली, तोंड पुसलं आणि परत रांगेत आली. कुणी हसलं नाही. कुणी 'अगं बाई गं' करत पाठ चोळायलाही धावलं नाही. फक्त तिच्या दोन्ही बाजूच्या मुलींनी तिची जागा मोकळी ठेवली होती. ती येऊन त्या जागेत उभी राहिली आणि सगळ्या पुन्हा पळाल्या. मी बाल्कनीत आ वासून बघत राहिले. त्यांच्या वयाची असताना मी कशासाठी इतकी झटले होते, ते मला आठवेना.

दुसऱ्या आठवड्यात डिफेन्स सुरू झाला, तोही बॉलशिवाय. गुडघे वाकवायचे, हात पसरायचे आणि तसंच आडवं सरकत हॉलच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं. आणि हे करताना सतत बोलायचं. कोण कुणाला अडवतंय, कोण मदतीला येतंय, मागून कोण घुसतंय, सगळं ओरडून सांगायचं. कोच म्हणजे साठीतली एक बुटकी बाई. मी तिला कधी शिट्टी वाजवताना पाहिलं नाही. आवाज थांबला की ती फक्त हात वर करायची, आणि सगळ्यांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागायची. दमल्यावर माणूस आधी बोलणं सोडतो, मग पळणं, असं तिचं म्हणणं होतं.

आता माझी लेक कशी आहे सांगते. रविवारी विहारात पाहुण्यांना चहा विचार म्हटलं तर ही त्यांच्या कानाशी जाऊन पुटपुटणार. मराठीत बोलायची वेळ आली की हळूच माझ्यामागे सरकणार. तीच पोरगी खाली कोर्टवर, घामाने निथळत, घसा फोडून वीस जणींना सांगत होती की डावीकडे सरका, मी आहे मागे. आणि त्या सरकत होत्या. शेजारी कुणी असतं तर मी त्याला हलवून सांगितलं असतं की ती माझी आहे.

तिसऱ्या आठवड्यात बॉल निघाले. कॅप्टनने जाळीची भली मोठी पिशवी ओढत आणली आणि मिनिटभरात वीस बॉल एकदम जमिनीवर आपटायला लागले. मी बसले होते तो बाक थरथरत होता. न बघता पास द्यायच्या त्या. बॉल सुटायचा तेव्हा समोर कुणीच नसायचं, आणि पोचायचा तेव्हा बरोब्बर तिथे एक हात आलेला असायचा. मी सुरुवातीला नशीब म्हणत होते. एका सकाळी मी मोजायला लागले आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं, कारण चुकतच नव्हत्या. इतकं सुंदर काही मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं आणि ते पाहायला तिकीटसुद्धा नव्हतं.

आणि याच आठवड्यात मी शहाणपणा केला.

झालं असं की पुलावासाठी आणलेले मटार फ्रीझरमधून गायब झाले. संध्याकाळी वर तिच्या खोलीत गेले तर ही पलंगावर पाय लांब करून बसलेली, डाव्या गुडघ्यावर मटारची पिशवी, गुडघा चांगलाच सुजलेला. "कोचला सांगितलंस?" म्हटलं. "नाही सांगायचं. सगळ्यांचंच दुखते," ती म्हणाली. "तू पण नको सांगू. प्लीज, आई."

मी हो म्हटलं. पण रात्रभर डोक्यात किडा वळवळत राहिला. माझे वडील नागपूरला रेल्वेत क्लार्क होते. आम्हा भावंडांचं शाळेत काही अडलं की ते इस्त्रीचा शर्ट घालून मास्तरांना भेटायला जायचे. हात जोडून म्हणायचे, "लेक आहे माझी, लक्ष असू द्या." तेवढं बोलून यायचे आणि मास्तर खरंच लक्ष द्यायचे. आमच्या घरात सगळ्यांची शिक्षणं अशी त्या शर्टाच्या जोरावर झाली. आईबापांनी भेटायचं असतं, हे माझ्या इतकं रक्तात आहे की त्यात काही वावगं असेल असं मनातसुद्धा आलं नाही.

सकाळी मी चिवड्याचा डबा घेऊन कोचच्या ऑफिसचं दार वाजवलं. सांगून टाकलं सगळं. सूज, मटार, ती लपवते आहे ते. वर म्हटलं, जरा सांभाळून घ्या, दोन-चार दिवस कमी पळवा, पण तिची जागा मात्र राहू द्या. बाईने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुमचं मी ऐकू शकते, पण तुमच्या मुलीबद्दल तुमच्याशी बोलू शकत नाही. ती मोठी आहे. आणि तुम्ही सांगितलेलं मला तिच्यापासून लपवता येणार नाही." चिवड्याचा डबा तिने घेतला, त्याबद्दल आभारही मानले.

वीस मिनिटांनी मी बाल्कनीतून बघत होते. कोचने तिला बाजूला बोलावलं. दोघी जरा वेळ बोलल्या. मग लेकीने टी-शर्टवर चढवलेली प्रॅक्टिसची बनियन काढून कोचच्या हातात दिली आणि मान वर करून थेट माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी सांगू शकत नाही. रागावली असती तर परवडलं असतं.

गाडीत ती एवढंच बोलली. "आय अ‍ॅम ट्वेंटी-वन, आई. माझा गुडघा आहे. तू कशाला बोलला?" पुढचे चार दिवस ती बसने गेली. मीही गेले, माझ्या गाडीने, कारण मी हट्टी आहे. ती खाली बेंचवर बसायची आणि मी वर. सूज उतरली होती. पण फिजिओने तपासून हिरवा कंदील दाखवल्याशिवाय तिला कोर्टवर सोडणार नव्हते, आणि फिजिओची वेळ मिळाली ती थेट निवडीच्या दिवसाची. म्हणजे ज्या दिवशी शर्ट वाटायचे त्याच सकाळी तिची परीक्षा. माझी चूक नसती तर तो आठवडा ती खेळली असती आणि बारांत सहज बसली असती. नाहीतर तो गुडघा पुन्हा गेला असता. यातलं कुठलं खरं, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मात्र मी मनातल्या मनात स्वतःला रोज चार शिव्या घालत होते.

निवडीच्या सकाळी ती जिन्यावरून म्हणाली, "सोडतेस का?" मी किल्ल्या घेऊन तयारच होते.

परीक्षा होती ती चक्क लंगडीची. हॉलच्या एका कडेला जमिनीवर मोजपट्टी अंथरलेली. एका पायावर उभं राहायचं, होईल तितकी लांब उडी मारायची, त्याच पायावर उतरायचं आणि उतरल्यावर हलायचं नाही. आधी चांगल्या पायाने, मग ऑपरेशनच्या. डाव्या पायाची उडी जवळजवळ उजव्याइतकी भरली पाहिजे. फिजिओ ही एक तरुण, मितभाषी बाई होती. उतरताना गुडघा आत वळतो का, हे बघायचं तिचं काम. टाच जिथे टेकली तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावायला तिची मदतनीस असायची, ती त्या दिवशी आजारी. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि दाराशी घुटमळणाऱ्या मला विचारलं, "तुम्ही लावाल का?"

मी लेकीकडे पाहिलं. तिने वाकून बुटाची लेस घट्ट केली. "चालेल," म्हणाली.

मी जमिनीवर गुडघे टेकून बसले. उजव्या पायाच्या तीन उड्या झाल्या, एकीपेक्षा एक लांब. फिजिओने हिशोब करून खडूने रेघ मारली. डाव्याला इथवर यायचं होतं. डाव्या पायाची पहिली उडी लटपटली, हात टेकला, बाद. दुसरी आखूड पडली. तिसरीच्या आधी तिने डोळे मिटले, उघडले आणि झेपावली.

मी इतक्या जवळून कधीच पाहिलं नव्हतं. पाऊल येऊन टेकलं, मांडीचा स्नायू ताठरला आणि तो गुडघा, टाक्यांच्या व्रणासकट, माझ्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर सरळ उभा राहिला. हलला नाही. घामाचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. दोन वर्षांचे ते रबरी पट्टे, ते कण्हणं, सगळं त्या एका पायावर उभं होतं. देवबिव मी मानत नाही, पण माझे हात आपोआप जोडले जाता जाता राहिले.

आणि टाच रेघेच्या चार बोटं मागे होती.

फिजिओ गुडघ्याकडे बघत होती, मग वहीत लिहायला वळली. लेक पाय सोडून बाजूला झाली. खाली जमिनीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. चिकटपट्टीचा तुकडा माझ्या बोटावर होता आणि रेघ चार बोटांवर. मी रोज लॅबमध्ये दुसऱ्यांच्या लेकरांचे रिपोर्ट लिहिते. आकडा आवडला नाही म्हणून आजवर कधी बदललेला नाही. पण हे माझं लेकरू होतं, आणि तिचं जे बिघडलं होतं ते मीच बिघडवलं होतं. माझा हात पुढे सरकला. खोटं कशाला सांगू, सरकला.

मग मी तो मागे घेतला आणि टाच टेकली होती तिथे तुकडा लावला.

फिजिओने मोजलं, मान हलवली, सहा आठवड्यांनी पुन्हा बघू म्हणाली. कोच आली. ती आणि लेक हळू आवाजात बोलल्या. थोड्या वेळाने हॉलच्या मध्यभागी बारा शर्ट वाटले गेले. त्या उंच मुलीला मिळाला. माझ्या लेकीने सगळ्यात आधी जाऊन तिला मिठी मारली. मग ती बास्केटखाली उभी राहिली आणि बाराजणी नेम धरत होत्या तेव्हा त्यांचे पडलेले बॉल उचलून परत देऊ लागली. आणि ओरडत होती, कोण मोकळी आहे, कुणाचा कोपर खाली आहे, अगदी डिफेन्सच्या दिवसांसारखी. शर्ट नसलेल्या मुलीने हे का करावं? कुणी सांगितलं नव्हतं. मला रडू आवरेना. ही माझ्या पोटी कुठून आली, असं वाटून मी तिच्याकडे बघत राहिले.

पाणी प्यायला ती माझ्याजवळ आली.

"आई, ते तिसरं टेप. बरोबर लावलीस ना?"

"टाच जिथे टेकली तिथे."

"तुला पुढे लावता आलं असतं. कोणी बघत नव्हतं."

"हो. आलं असतं."

ती बाटलीचं झाकण लावत माझ्याकडे बघत राहिली. पाच दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिलं तिने.

"सहा वीक्सनंतर परत टेस्ट आहे," ती म्हणाली. "तेव्हा पण टेप तूच लाव."