शकुंतलाबाईंचा आवाज

भंगारात देण्याआधी जुना कॉम्प्युटर एकदा चालू करून पाहिला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि मी तुळजापूरच्या त्या लॉजच्या ऑफिसात जाऊन पोचलो.

तिथं शकुंतलाबाई फोन जोडून द्यायच्या. भाविकाचं आडनाव ऐकलं की त्या घराण्याचा पुजारी कोण, हे त्यांना पाठ. मी आलो होतो ते फोन आपोआप जोडणारं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवायला. मालक आधीच कानात सांगून गेले होते, "कार्ड चालू झालं की बाईंना कामावरून बंद करायचंय. तुम्ही काही बोलू नका."

बाईंनी टॉर्च धरली. दोन्ही अंगठ्यांनी दाबल्यावर कार्ड खाचेत बसलं.

"यात आता तुमचा आवाज भरू," मी म्हणालो.

बाई लाजल्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "आई राजा उदो उदो. खोलीसाठी एक दाबा, पुजाऱ्यासाठी दोन दाबा." मग माझ्याकडं वळून, "पर साहेब, कोणाचा पुजारी कोण, हे तुमच्या पेटीला कसं कळंल? ते म्याच सांगणार न्हवं?"

"व्हय, तुम्हीच," मी म्हणालो.

बाईंना मालकांनी काढलं, मी फक्त कार्ड बसवलं, असं इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. आता तेही सांगायचा कंटाळा आलाय. खरं एवढंच, की पहिल्यांदा भरताना त्यांचा आवाज जरा दबका आला होता. मी म्हणालो, "बाई, जरा हसून बोला की." त्या हसून बोलल्या. मी तोच आवाज ठेवला.